पहाटेचे स्वप्न

सुरतेत उधना, लिंबायत भागांत यंत्रमागांवर रात्रपाळी करणारे खानदेशी तरुण पुष्कळ आहेत. पहाटे लेकरू स्वप्नात रडताना दिसले की गावाकडील मातेस दिवसभर अन्न गोड लागत नाही. पहाटेचे स्वप्न खरे होते ना! कारण निराळेच आहे. शिकागो येथे ॲसेरिन्स्की व क्लाइटमन यांनी १९५३ साली दाखविले की, झोपेत मधून मधून मिटल्या पापण्यांखाली डोळे भरभर हलतात; तेव्हा जागे केलेला मनुष्य बहुधा स्वप्न सांगतो. ही अवस्था सुमारे ९० मिनिटांनी येते, पहाटे लांबते, आणि त्यातूनच जाग आल्याने स्वप्न ध्यानात राहते. रडते ती मातेची काळजी. खुशाली जरूर विचारावी. फक्त दुपारी फोन करू नये, असे आम्ही सुचवितो. तेव्हा तो बिचारा झोपलेला असतो.