फसलं तरी चालेल, असे पैसे

आमच्या वसईची सुकेळी तुम्ही खाल्ली असतीलच. राजेळी केळी सोलून कडक उन्हात वाळवायची, की मधासारखी गोड होतात. आता ती करणाऱ्या बायका कमी झाल्या. आमच्या बचत गटातल्या एका मैत्रिणीच्या डोक्यात आलं, अख्ख्या सुकेळ्याऐवजी तुकडे करून दहा-दहा रुपयांच्या पुड्या विकाव्यात. विरार लोकलने जाणाऱ्या बायका सहज घेतील. कल्पना झकासच होती! गटातून पाच हजारांचं कर्ज उचलून तिने केळी आणली, पुड्या भरल्या आणि आठवड्याभरात निम्म्या पुड्यांना बुरशी.

चूक तिला लगेच कळली. तुकडे आतून दमट राहिले होते. पण पुन्हा करून बघायला पैसे कुठले? पहिल्याचेच हप्ते डोक्यावर. दहा महिने लोकांच्या पोळ्या लाटून तिने ते फेडले. वर घरच्यांचं ‘‘सांगितलं होतं ना, नको ते उद्योग?’’ हे ऐकून घेतलं. त्यानंतर बैठकीत तिने नवं काही सुचवलंच नाही. मला पाच हजारांपेक्षा हे नुकसान मोठं वाटतं.

मैत्रिणींनो, चालता धंदा वाढवायला कर्ज ठीक आहे. पण चालेल की नाही हेच माहीत नसताना कर्ज काढायचं, म्हणजे फसण्याचा दंड आधीच कबूल करायचा. सरकारला हे कळत नाही असंही नाही. केंद्राने २०२१ मध्ये स्टार्टअप इंडिया सीड फंड योजना आणली, तीत कल्पना पडताळायला, नमुना बनवायला, चाचणी घ्यायला २० लाखांपर्यंत अनुदान ठेवलं. पण ते नोंदणी झालेल्या, सरकारमान्य स्टार्टअपना. आपल्या राज्याने २०२४ मध्ये खास महिलांसाठी अहिल्यादेवी होळकरांच्या नावाने १ ते २५ लाखांची योजना काढली. चांगलीच आहे, पण अट काय, तर धंदा वर्षभर चाललेला हवा आणि उलाढाल किमान १० लाखांची. अहो, एवढी उलाढाल असती तर आम्ही पुड्या कशाला भरत बसलो असतो?

२०२० च्या केंद्राच्या अन्नप्रक्रिया योजनेत बचत गटाच्या सदस्येमागे ४० हजारांपर्यंत बीज भांडवल ठेवलं होतं. गंमत बघा, गटांच्या संघाला ते अनुदान म्हणून द्यायचं, आणि संघाने बाईला ते कर्ज म्हणून द्यायचं!

आम्हाला लाख नकोतच. चार-पाच हजार द्या, पावत्या घ्या, काय जमलं, काय फसलं ते लिहून घ्या, पण परत मागू नका. ‘बायका पैसे बुडवतील’ म्हणणाऱ्यांनी एकदा बचत गटाच्या वह्या उघडून पाहाव्यात.

तोवर आम्ही बाराजणींनी महिन्याला २० रुपये वेगळे काढायला सुरुवात केलीय (घरी कुणी सांगितलेलं नाही). आठ महिन्यांत १,९२० रुपये जमले. पहिले तिलाच द्यायचे ठरलेत. आधी ‘नको गं बाई’ म्हणाली. मग दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं, ‘‘चार प्रकारच्या पिशव्या घेतल्या तर चालेल ना? महिनाभर फळीवर ठेवून बघते.’’