एका हललेल्या फोटोचा पंचनामा

आधी निकाल सांगून टाकतो, मग खटला चालवू. नवीन कॅमेरा घेतलेल्या (किंवा माझ्यासारखा जुना वारशाने मिळालेल्या) माणसाने पैसे खर्च करायचे असतील तर क्रम असा असावा: आधी रिमोट, मग बाहेरचा फ्लॅश आणि सगळ्यात शेवटी व्हीआरवाली लेन्स. दुकानदार, ऑफिसातले फोटोग्राफीवाले मित्र आणि यूट्यूबवरचे गुरुजी बरोब्बर उलटा क्रम सांगतात. मीही त्यांचंच ऐकलं होतं. शिक्षा मात्र आजीला झाली.

तर झालं असं. मामाने त्याचा निकॉन डी९० मला देऊन टाकला. हा कॅमेरा २००८ साली आला, १२ मेगापिक्सेलचा. सोबत त्याहून जुनी, व्हीआर नसलेली लेन्स. ऑफिसात दाखवला तर एकमुखाने निर्णय झाला, "कॅमेरा ठीक आहे रे, पण व्हीआर नाही? कमी उजेडात काय करणार?" पुढच्याच पगाराला सेकंडहँड १८-१०५ व्हीआर लेन्स घेतली. तिच्यावरचं ते लाल अक्षरातलं 'व्हीआर' बघून मला बढती मिळाल्यासारखं वाटलं होतं.

दोन महिन्यांनी वाईला आजीचं सहस्रचंद्रदर्शन होतं. मामा फोटोग्राफर ठरवत होता. मीच म्हणालो, "कशाला उगाच? मी आहे ना!" हे वाक्य आयुष्यात जपून वापरावं मंडळी. प्रोजेक्टमध्येसुद्धा.

संध्याकाळी माजघरातल्या ट्यूब बंद केल्या आणि मावशी, माम्या, आत्या सगळ्यांनी मिळून आजीला ८१ दिव्यांनी ओवाळलं. तो उजेड काय वर्णावा! आजी नऊवारीत, डोळ्यांत पाणी, तोंडावर हसू. मी आयएसओ १६००, एफ/५, १/१० सेकंद लावून धडाधड पन्नासेक फोटो काढले. कॅमेऱ्याच्या चिमुकल्या पडद्यावर सगळे झकास दिसत होते. रात्री लॅपटॉपवर उघडले आणि पोटात गोळा आला. मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर तारखांसकट वाचता येत होतं. देवळीतला तांब्या खणखणीत. आणि आजी? आजीच्या जागी पांढऱ्या केसांचा एक ढग. ओवाळणारे हात म्हणजे नुसत्या पिवळ्या रेघा. भावंडांच्या फोनमध्येही हीच कथा.

सकाळी आजीने विचारलंच, "माझा फोटो दाखव की रे." मी खरं काय ते सांगितलं. ती दोन क्षण गप्प बसली, मग म्हणाली, "असू दे. पुढच्या हजार चंद्रांना काढ हो."

ती हसत होती. मी नव्हतो.

पुण्याला परतताना बसमध्ये डोक्यात एकच चक्र चालू. आपल्याकडे प्रोडक्शनला काही फुटलं की रूट कॉज अ‍ॅनालिसिस करतात ना, तसं करायला बसलो. आणि लक्षात आलं की लेन्सने काहीच चूक केली नव्हती. उलट तिने आपलं काम चोख केलं होतं!

जुना नियम असा की हातात कॅमेरा धरला असेल तर शटरचा वेग निदान 'एक भागिले फोकल लेंग्थ' इतका हवा. मी साधारण ५२ मिलिमीटरवर होतो. डी९०चा सेन्सर लहान, म्हणून दीडपट करा, झाले ७८. म्हणजे १/८० सेकंद. व्हीआर साधारण तीन स्टॉपची सूट देतं असं धरा, म्हणजे १/४०, १/२०, १/१०. मी नेमका १/१० वरच होतो. कॅलेंडर म्हणूनच वाचता येत होतं.

व्हीआर करतं काय, तर लेन्समधले छोटे जायरो सेन्सर तुमच्या हाताची थरथर मोजतात आणि भिंगांचा एक गट उलट दिशेला सरकवून ती खोडून काढतात. कॅननवाले यालाच आयएस म्हणतात, त्यांची एसएलआरसाठी अशी पहिली लेन्स १९९५ सालची. नंतर भिंगाऐवजी सेन्सरच हलवायची युक्ती आली, मिनोल्टाने ती २००३ मध्ये बाजारात आणली. नोकियाच्या ल्युमिया ९२० ने २०१२ मध्ये हे भिंग हलवण्याचं तंत्र फोनमध्ये आणून ठेवलं. तंत्र अफलातून आहे, वाद नाही. पण ते कोणाची हालचाल मोजतं? माझी. आजी मान हलवतेय, मावशी तबक फिरवतेय, याचा त्या जायरोला पत्ताच नसतो. गप्पा मारत बसलेल्या माणसाला १/६० तरी हवा, चालत्या माणसाला १/१२५ किंवा त्याहून वेगवान. १/१० ला समोरच्या माणसाने पुतळा व्हायला पाहिजे.

म्हणजे फोटो हलण्याची कारणं दोन. एक, कॅमेरा हलतो. दोन, माणूस हलतो. आणि दोन्हींच्या मुळाशी तिसरं कारण, उजेड कमी आहे. व्हीआर फक्त पहिल्यावर औषध आहे. आम्ही मात्र तापाला, खोकल्याला आणि मोडलेल्या हाडाला एकच गोळी देत होतो. सर्व्हर स्लो आहे म्हणून रॅम वाढवायची आणि क्वेरी कुणीच बघायची नाही, तशातला प्रकार.

आता कुणी म्हणेल, फोनमध्ये नाइट मोड असतो की. गूगलच्या पिक्सेलवर २०१८ पासून आहे, आयफोनवर २०१९ पासून. पण तो तरी काय करतो? भराभर अनेक फोटो घेऊन एकावर एक जुळवतो. त्यातही भिंत छान येते आणि ओवाळणारा हात पुसट होतो. सॉफ्टवेअरवर पोट असूनही सांगतो, घडून गेलेली हालचाल सॉफ्टवेअरला नीट परत आणता येत नाही.

मग रिमोट पहिला का? एक तर स्वस्त. डी९०ला चालणारा इन्फ्रारेड रिमोट, एमएल-एल३, बोटभर लांबीचा असतो. तसाच चालणारा दुसऱ्या कंपनीचा काहीशे रुपयांत येतो. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवला तरी बटण दाबताना आपण त्याला धक्का देतोच. त्यात एसएलआरचा आरसा फटकन वर जातो, त्याचा हादरा वेगळा, आणि तो अगदी १/१५ ते १/२ सेकंदाच्या आसपासच जास्त छळतो. डी९०मध्ये 'एक्स्पोजर डिले' नावाचं सेटिंग आहे, आरसा वर गेल्यावर सुमारे सेकंदभर थांबून मग शटर उघडतं. रिमोट अधिक हे सेटिंग, झालं काम. आणि हो, ट्रायपॉडवर या लेन्सचं व्हीआर बंद करायचं. नसलेली थरथर शोधत बसलेला जायरो कधीकधी स्वतःच चित्र हलवतो. निकॉनच्या पुस्तिकेत हे लिहिलेलं आहे. पुस्तिका वाचतो कोण म्हणा :)

रिमोटचे नखरे आहेत. डी९०चा इन्फ्रारेड डोळा पुढच्या बाजूला आहे, त्यामुळे कॅमेऱ्याच्या मागे उभं राहून दाबत बसलात तर बहुतेक काही होत नाही. पल्ला जेमतेम पाच मीटर. आणि मूळ सेटिंग असेल तर मिनिटभर काही केलं नाही की कॅमेरा गुपचूप रिमोट मोडमधून बाहेर पडतो, तुम्ही आपले टीव्हीच्या रिमोटसारखे दाबतच बसता. (मेनूत जाऊन १५ मिनिटं करून ठेवा.) डोळा लावलेला नसेल तर मागच्या काचेतून उजेड आत शिरून मीटर फसतो, त्यासाठी डब्यात एक काळं टोपण येतं. ते बहुतेकांनी पहिल्याच आठवड्यात हरवलेलं असतं.

आता फ्लॅश. आपल्याकडे एक पंथ आहे, 'मी फक्त नॅचरल लाइटमध्ये काढतो' म्हणणाऱ्यांचा. मीही त्यात होतो. खरं कारण तत्त्व नव्हतं, भीती होती. कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा छोटा फ्लॅश थेट मारला की माणूस पासपोर्टच्या फोटोसारखा दिसतो, मागे काळोख आणि कपाळावर चकाकी. तो दोष फ्लॅशचा नाही, दिशेचा आहे. शिवाय अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. म्हणून पुढच्या रांगेतली काकू पांढरीफटक आणि मागच्या रांगेतले काका गायब.

बाहेरचा फ्लॅश म्हणजे डोकं फिरवता येणारा फ्लॅश. भिंतीवर किंवा छतावर मारला की ती भिंतच मोठी खिडकी होते. आणि खरी गंमत पुढे आहे. फ्लॅशचा लखलखाट पूर्ण ताकदीला साधारण १/१००० सेकंद टिकतो, कमी ताकदीला त्याहून कितीतरी कमी. एमआयटीच्या हॅरोल्ड एजर्टनने दुधाच्या थेंबाचा मुकुट १९५७ मध्ये याच तत्त्वावर टिपला. म्हणजे शटर १/१० असलं तरी फ्लॅशने उजळलेला चेहरा १/१००० वर गोठतो, आणि उरलेल्या वेळात शटर दिव्यांचा उजेड गोळा करत राहतं. व्हीआरला जे जमत नाही तेच हे!

पुढची दिवाळी वाईलाच. मामाकडून त्याचा एसबी-७०० फ्लॅशही उचलला होता. लक्ष्मीपूजन झाल्यावर आजी माजघरात पणत्या लावायला बसली. उजेड तसाच, खोली तीच. पहिला फ्लॅश नेहमीच्या सवयीने छतावर मारला, काही उपयोग नाही. माजघराचं छत तक्तपोशीचं, वर्षानुवर्षांच्या धुराने काळपट, सगळा उजेड पिऊन बसलं. बाजूची भिंत मात्र चुन्याची पांढरी. मामेभावाच्या हातात फ्लॅश दिला, त्याचा सेन्सर कॅमेऱ्याकडे, तोंड भिंतीकडे. (डी९०चा डोक्यावरचा फ्लॅश बाहेरच्या फ्लॅशला वायरशिवाय हुकूम देऊ शकतो, 'कमांडर' म्हणतात त्याला.) फ्लॅशचा पांढरा उजेड पणत्यांच्या पिवळ्यात निळसर दिसू नये म्हणून सोबत आलेला पिवळट फिल्टर बसवला. ताकद एक स्टॉप कमी. आयएसओ ८०० वर आणला, म्हणजे नुसत्या पणत्यांचा उजेड गेल्या वेळेपेक्षा एक स्टॉप कमी नोंदला जाईल आणि हललेल्या हातांची भुतं फार दिसणार नाहीत. शटर तोच, १/१०. ट्रायपॉड, व्हीआर बंद, रिमोट हातात.

रिमोटचा डोळा पुढे असल्यामुळे मला कॅमेऱ्याच्या पुढे, बाजूला पाटावर बसावं लागलं. वैतागलो होतो आधी. पण त्यामुळे आजी लेन्सकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. वाती कशा वळायच्या, आजोबांच्या वेळी तेल किती रुपयांना यायचं, चाललं होतं तिचं. मध्येच मी बोट दाबायचो. शेवटी म्हणाली, "अरे, गप्पाच मारणार आहेस की फोटोपण काढणार?"

तेवीस फोटो झाले होते. सहा हलले होते, पण बाकीच्यांत आजी आजीसारखी होती. एकात तर मीही अर्धा आलोय, वात वळताना. मामाने तोच फ्रेम केला. सहस्रचंद्राचा उजेड काही परत आला नाही, येणारही नाही. ती चूक तशीच राहिली.

व्हीआर निरुपयोगी आहे असं माझं म्हणणं नाही. अजिंठ्याला गेलात तर फ्लॅशला बंदी आहे, ट्रायपॉडला वेगळी परवानगी लागते. तिथे पहिल्या लेण्यातला पद्मपाणी शांत उभा असतो आणि हलतो आपलाच हात. तिथे व्हीआरसारखा मित्र नाही. लांबच्या टेलिफोटोला तर ते हवंच. आणि गाण्याच्या मैफलीत कृपा करून फ्लॅश मारू नका, आयएसओ वाढवा, दाणेदार फोटो चालतो.

मुद्दा एवढाच की काही विकत घेण्याआधी आपला फोटो नक्की कशाने बिघडतोय ते बघा. बिघडलेले दहा फोटो उघडा. मागची भिंतही हललेली असेल तर हात दोषी, ट्रायपॉड आणि रिमोट घ्या, फिरत काढणार असाल तर व्हीआर. भिंत स्पष्ट आणि माणूस पुसट असेल तर उजेड आणा. दहा मिनिटांचं काम आहे. मी ते समारंभाच्या आदल्या आठवड्यात केलं असतं तर...

असो. घरी कुणाचा समारंभ जवळ आला असेल तर या वीकेंडला ट्यूब बंद करून, चार पणत्या लावून तालीम करा. आणि तरीही खात्री वाटत नसेल, तर फोटोग्राफर ठरवा हो. "मी आहे ना" म्हणू नका.