ग्रुपवरचा फोटो नगरपरिषदेत कधी पोहोचणार?

खड्डा, तुंबलेली गटार, बंद पथदिवा. श्रीरामपूर असो की दुसरे कोणतेही शहर, प्रभागाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर असे फोटो पडतच असतात. चार-पाच अंगठे येतात, एखादा संतापाचा इमोजी येतो आणि मग ‘शुभ सकाळ’ सुरू होते. फोटो वर सरकतो, खड्डा जागेवरच राहतो. कारण ग्रुपवरचा फोटो म्हणजे तक्रार नव्हे.

मग काय करायचे?

- नेमकी जागा द्या : ‘मेन रोडवर खड्डा’ एवढे पुरेसे नाही. जीपीएस कॅमेरा अ‍ॅपने फोटो काढला, तर त्यावर तारीख, वेळ आणि अक्षांश-रेखांश उमटतात.
- नोंद करा : कचरा, अस्वच्छता यासाठी केंद्राचे ‘स्वच्छता’ अ‍ॅप २०१६ पासून आहे. राज्याचे ‘आपले सरकार’ पोर्टलही आहे. तक्रार क्रमांक जपून ठेवा.
- हिशेब ठेवा : प्रभागाची एक सामायिक गुगल शीट पुरते. जागा, तारीख, क्रमांक, स्थिती. उत्तर नाही आले, तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. त्याला ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

याने फरक पडतो का?

पडतो. मुंबईचा विकास आराखडा २०१५ मध्ये जाहीर झाला, तेव्हा नागरिकांनी नकाशे तपासून चुका दाखवल्या. हजारो हरकती नोंदल्या गेल्या आणि सरकारला आराखडा नव्याने तपासायला लावावा लागला. तिथे जोर फॉरवर्डचा नव्हता, नोंदलेल्या हरकतींचा होता.

धोका कुठे?

ज्याच्या हातात स्मार्टफोन, त्याचीच अडचण आधी दिसते. फुटपाथवरच्या भाजीवालीचा फोटो ‘अतिक्रमण’ म्हणून फिरतो, पण ती त्या ग्रुपवर नसते. पथविक्रेता कायद्याने २०१४ मध्ये तिलाही हक्क दिला आहे. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के जागा विक्रेत्यांच्या असतात. म्हणून फोटो काढण्याआधी तिच्याशी बोलायला हवे. शीटमध्ये आजीआजोबांची आणि शाळकरी मुलांची अडचणही कुणीतरी भरायला हवी.

नगरपरिषदेनेही एक करावे. किती तक्रारी आल्या, किती सुटल्या, किती का अडल्या, याची प्रभागवार यादी दर महिन्याला जाहीर करावी. त्यासाठी नवे अ‍ॅप लागत नाही. एक साधा तक्ता आणि तो लोकांपुढे ठेवण्याची तयारी एवढे पुरे.