ओकारीला ओकारी म्हणा!

आमच्या धंद्यातल्या मंडळींना एक इंग्रजी शब्द फार प्यारा: बार्फ. अमेरिकन बोलीत बार्फ म्हणजे ओकणे. शब्द पोराटोरांचा, शिष्टांचा नव्हे. पण हॅकर लोकांनी तो उचलला. भलतंसलतं इनपुट मिळून प्रोग्रामने एररचा ढीग बाहेर टाकला की 'प्रोग्राम बार्फ झाला'. त्यांच्या 'जार्गन फाइल' या कोशातही तो आहे. (गंमत म्हणजे रोमन लिपीत आपला फारसीतून आलेला बर्फही असाच लिहितात. इराणमध्ये त्या नावाची कपडे धुण्याची पावडर मिळते!) दुसरा शब्द प्यूक. तो तर खुद्द शेक्सपिअरने 'अ‍ॅज यू लाइक इट'मध्ये दाईच्या कडेवरच्या बाळासाठी वापरलाय.

म्हणजे साहेबाला आपल्या ओकारीची लाज नाही. लाज आहे ती आपल्याला! मीटिंगमध्ये बिनदिक्कत 'बार्फ' म्हणणारा माणूस घरी म्हणतो, "बाळाला व्हॉमिटिंग झाली." 'ओकला' म्हटलं की गावंढळ. बरं, पेपरात सूर्य रोज आग ओकतो, पुढारी गरळ ओकतात, तेव्हा कुणी नाक मुरडत नाही. पंचकर्मातलं 'वमन' तर लोक पैसे मोजून करून घेतात. पोराच्या पोटातलं अन्न बाहेर आलं की मात्र इंग्रजी हवं.

"डॉक्टरला तेच कळतं," असं यावर उत्तर मिळतं. मला हे साफ अमान्य आहे. जालना-भोकरदन गाडीत बसलेली एखादी आजी काय काय सांगू शकते बघा. नुसतं ढवळत असेल तर मळमळ. घशाशी येतं पण बाहेर काही पडत नाही, तो कोरडा उमासा. बाहेर पडलं तर उलटी, ओकारी, नाहीतर खेड्यातली वकारी. दूध पिऊन बाळाने थोडं तोंडातून काढलं तर ती गुळणी. आणि प्रवासामुळे झालं असेल तर 'गाडी लागली'. एवढं सगळं एका 'व्हॉमिटिंग'मध्ये कोंबायचं? आम्ही प्रोग्रामर याला माहितीचा नाश म्हणतो.

हा प्रश्न नुसत्या भाषाभिमानाचा नाही. गुळणी बहुधा साधी असते. तेच तान्हं बाळ हिरवं ओकलं तर तासभरही थांबायचं नसतं. दर दुधानंतर पिचकारीसारखी उलटी होत असेल तर त्याचाही अर्थ वेगळा. हा फरक मंठ्याच्या किंवा घनसावंगीच्या आईला स्वतःच्या शब्दांत नेमका सांगता येतो. पण "पोरगं वकू राहिलं" म्हटल्यावर समोरचे हसतील, या धास्तीने ती 'व्हॉमिटिंग' एवढाच पाठ केलेला शब्द बोलून गप्प बसते. त्या गप्प बसण्यात काय राहून गेलं, ते डॉक्टरला कसं कळणार?

उलटीनंतर दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्याने पुन्हा ओआरएस द्या, हा सल्लाही तिला मराठीतच कळतो. मग तक्रार तेवढी इंग्रजीत का मागायची?

इंग्रजीशी माझं वैर नाही. कंपायलर खुशाल बार्फ होऊ द्या. पण माणूस ओकतो. त्या आईसमोर पुढच्या वेळी 'व्हॉमिटिंग' तोंडाशी आलं तर तेवढं गिळा, आणि सरळ विचारा, "बाई, कसं ओकलं? काय रंगाचं? किती वेळा?"