शतपावली, जोर आणि झोप

बोरिवलीहून चर्चगेटला नोकरीसाठी जाणारा कारकून रोज जाऊन-येऊन सुमारे 68 किलोमीटरचा रेल्वेप्रवास करतो. त्यातील बराचसा उभ्याने, एका हाताने कडी धरून आणि दुसऱ्या हाताने डब्याची पिशवी सांभाळत. त्याला व्यायामाविषयी विचारले, तर ‘दिवसभर दुसरे काय चालले आहे?’ असा प्रतिप्रश्न येतो. या उत्तरात जितका त्रागा आहे तितकाच गैरसमजही आहे. गर्दीत ताटकळल्याने पाय दुखतात, पण चालण्याने होणारा लाभ त्यातून मिळत नाही. पुढे कचेरीत सात-आठ तास खुर्चीत जातात आणि त्या बसण्याला विश्रांती म्हणता येत नाही. श्रम झाल्याची भावना मात्र पक्की असते, आणि तीच पुढच्या प्रयत्नाच्या आड येते.

बसून काम करणाऱ्यांविषयीचा एक जुना अभ्यास येथे आठवतो. जेरेमी मॉरिस यांनी 1953 साली लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील चालक आणि कंडक्टर यांची तुलना प्रसिद्ध केली. दिवसभर जिना चढणाऱ्या-उतरणाऱ्या कंडक्टरांपेक्षा बसून राहणाऱ्या चालकांत हृदयविकाराचे प्रमाण अधिक आढळले. चालकांच्या गणवेशाच्या विजारी कमरेला मुळातच अधिक रुंद होत्या, हेही मॉरिस यांनीच पुढे दाखवून दिले. तेव्हा सारे श्रेय जिन्याला देता येणार नाही. तरीही त्या जिन्याचा धडा पुढील संशोधनाने खोटा ठरविलेला नाही. हे कंडक्टर कोणत्याही तालमीत जात नव्हते. ते केवळ आपले काम करीत होते.

जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाची, किंवा 75 ते 150 मिनिटे जोराच्या श्रमाची हालचाल सुचविली. शिवाय आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना बळकटी देणारा व्यायाम. पहिल्या आकड्याचा किमान हिशेब पाच दिवस अर्धा-अर्धा तास भरभर चालण्याइतका होतो. घाटकोपरला मेट्रो सोडून लोकल गाठणाऱ्याला जिन्यांची उणीव नाही. सरकता जिना टाळला की झाले. जेवणानंतरची शतपावली ही तर आपल्या घरांतली जुनी रीत. दूरदर्शन संचासमोर ती प्रथम थांबली आणि आता हातातल्या फोनने तिचा निकाल लावला आहे. मात्र चालायला रस्ता हवा. स्थानकाबाहेरचा पदपथ दुचाकी आणि खोदकामाने व्यापलेला असताना नागरिकाला चालण्याचा उपदेश करणे फारसे शोभत नाही.

जोराच्या व्यायामाचे आकर्षण मात्र वाढते आहे. 2004 साली सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनने धावण्याला प्रतिष्ठा दिली, हे चांगलेच झाले. काळजी वाटते ती सहा दिवस खुर्चीत बसून सातव्या दिवशी एकाएकी पराक्रम करणाऱ्यांची. सवय नसलेल्या देहाला अकस्मात जोराचे श्रम घडले, तर हृदयविकाराच्या झटक्याचा धोका त्या काळापुरता वाढतो. नियमाने व्यायाम करणाऱ्यांत ही वाढ फारच थोडी असते. वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’त बलवान माणसालाही अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करण्यास सांगितले आहे, तोही थंडीत आणि वसंतात, इतर ऋतूंत त्याहून हलका. ऑक्टोबरच्या उकाड्यात भर दुपारी धावू पाहणाऱ्या मुलुंडच्या विद्यार्थ्याने हे ध्यानात घ्यावे. दहा सूर्यनमस्कारांनी आरंभ करून महिन्या-दोन महिन्यांत पन्नासापर्यंत जाणाऱ्याला हसण्याचे काही कारण नाही.

आता राहिली झोप, आणि खरी चोरी होते ती येथेच. प्रौढाला निदान सात तास झोप हवी. व्यायामाने शिणलेले स्नायू सावरतात आणि बळकट होतात ते त्यानंतरच्या विश्रांतीत, म्हणून झोप कापून केलेली कसरत आपलाच लाभ बुडविते. रात्री बारापर्यंत जागून पहाटे पाचची गजर-घंटा लावणाऱ्याने आधी निजण्याची वेळ सुधारावी, मग चालावे आणि जोर-बैठकांचा विचार सर्वांत शेवटी करावा. व्यायामशाळेच्या जाहिरातींत हा क्रम दिसणार नाही.

या झोपेचा हिशेब घरातील सर्वांना सारखा लागू होत नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात पहाटे फिरून ताजेतवाने होऊन परतणाऱ्या गृहस्थाचा डबा कोणीतरी त्याच वेळी भरत असते. बहुधा ती शिक्षिका असते किंवा कचेरीत नोकरीला असते, आणि तिला स्वतःलाही आठची गाडी गाठायची असते. तिला चालण्याचे महत्त्व कोणी सांगण्याची गरज नाही. तिच्यापाशी वेळ नाही. सकाळची कामे दोघांनी वाटून घेतली तर तिच्याही वाट्याला अर्धा तास येईल. तो तिने उद्यानात घालवावा की अंथरुणात, हे तिचे तिला ठरवू द्यावे.