पडीक कोणाला म्हणायचं?

गेल्या पावसाळ्यात एन.एस.एस.च्या वृक्षारोपणात मीही कोयता घेऊन पुढे होतो. होस्टेलमागचा मुरमाड उतार ‘साफ’ करायचा होता. आम्ही झुडपं तोडली, खड्डे खणले, गुलमोहर आणि गिरिपुष्प लावलं, ग्रुप फोटो काढला, वडापाव खाल्ला. मे महिन्यात परीक्षेचं टेन्शन घेऊन खिडकीतून बघतो तर बहुतेक रोपांच्या काड्या झालेल्या. आणि तोडलेल्या झुडपांना मात्र बुंध्यातून नवे फुटवे आलेले!

ती झुडपं धायटीची. मी किन्हवलीचा. शहापूर-मुरबाडच्या माळांवर, डोंगरउतारांवर धायटी बघतच वाढलो. लहानपणी तिची फुलं तोडून मध चोखायचो. तरी कोयता चालवताना गप्प बसलो, याची आज लाज वाटते.

धायटी म्हणजे संस्कृतमधली धातकी, शास्त्रीय नाव वुडफोर्डिया फ्रुटिकोसा. मेंदी आणि आपलं राज्यफूल तामण यांच्याच कुळातली. जिथे माती वीतभरही नाही अशा खडकाळ उतारावर ती उभी राहते आणि मुळांनी ती माती धरून ठेवते. हिवाळा सरता सरता, माळ वाळू लागला की तिच्या फांद्या लालभडक फुलांनी भरतात. त्या दिवसांत मधमाश्या आणि शिंजीर पक्ष्यांची मेस तिथेच असते, आणि ती आपल्या मेसपेक्षा नक्कीच बरी!

आपल्या कामाची गोष्टही सांगतो. अशोकारिष्ट, द्राक्षारिष्ट अशा औषधांत ही फुलं घालतात. फुलांवर नैसर्गिक यीस्ट असतं. त्याने गुळाचं आंबवण होऊन औषधात साधारण ५ ते १० टक्के अल्कोहोल आपोआप तयार होतं. आपण ‘बायोटेक’ म्हणून जे शिकतो ते वैद्यांनी या फुलांच्या भरवशावर कितीतरी आधी केलं. म्हणूनच वाळलेल्या धायटीच्या फुलांना बाजार आहे, ती गोळा करणाऱ्यांना त्यातून चार पैसे मिळतात.

आणि आपण? मादागास्करचा गुलमोहर, मध्य अमेरिकेतलं गिरिपुष्प लावण्यासाठी इथलं झाड उपटतो, आणि त्याला पर्यावरण म्हणतो!

सावलीची झाडं नकोत असं मी म्हणत नाही. रस्त्याच्या कडेला, ग्राउंडभोवती जरूर लावूया, पण पळस, कांचन, तामण लावूया. मागचा उतार मात्र आहे तसा राहू द्या. यंदा पुन्हा तिथेच खड्डे खणायचं चाललंय असं ऐकतो. सरांना आणि समितीला माझी नम्र विनंती आहे: यादी करण्याआधी एकदा फेब्रुवारीत त्या उतारावर चक्कर मारा. मी सोबत येतो. या वेळी कोयता न घेता.