पाठीतील पाण्याची तपासणी

पाण्याच्या एका थेंबात असंख्य सूक्ष्म जीव असतात, ही जाणीव जैन घरांत पाणी गाळण्याच्या वस्त्राइतकीच जुनी आहे. पाणी गाळताना जो यत्नाचार पाळला जातो, तोच प्रयोगशाळेत शरीरातील द्रवाचा थेंब तपासतानाही लागतो. तेथे मोजायच्या असतात त्या पेशी.

वाशीम, कारंजा किंवा शिरपूर येथील एखाद्या घरात मूल तापाने फणफणते, उलट्या होतात, मान ताठरते. डॉक्टर पाठीतील पाणी तपासण्यास सांगतात. तेव्हा वडीलधाऱ्यांचा प्रश्न ठरलेला असतो : मूल लुळे तर पडणार नाही ना? मज्जारज्जू कमरेच्या वरच्या मणक्यांपाशीच संपतो आणि सुई त्याच्या खाली टोचतात. म्हणून ही भीती बहुतांशी निराधार आहे. काहींचे डोके काही दिवस दुखते. मेंदूवरील दाब वाढल्याची शंका असल्यास डॉक्टर आधी डोक्याचा स्कॅन करून घेतात.

हे पाणी निरोगी प्रौढाच्या शरीरात नितळ असते. त्याच्या एका घनमिलिमीटरमध्ये पाचांहून अधिक पांढऱ्या पेशी नसतात. इतकी अल्प संख्या रक्त मोजणाऱ्या साध्या यंत्रावर भरवशाची मिळत नाही. म्हणून न्यूबॉवर चेंबर नावाची कोरीव काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. तिच्यावर १ मिलिमीटर लांबी-रुंदीच्या नऊ मोठ्या चौकटी असतात आणि द्रवाची खोली ०.१ मिलिमीटर असते. नऊ चौकटींत मिळून ०.९ घनमिलिमीटर द्रव मावतो. त्यांत ५४ पेशी दिसल्या, तर ५४ भागिले ०.९, म्हणजे घनमिलिमीटरला ६० पेशी.

संख्येइतकाच पेशींचा प्रकार महत्त्वाचा. न्यूट्रोफिल पेशींचे आधिक्य साधारणतः जिवाणूंच्या तीव्र संसर्गाकडे बोट दाखवते. लिम्फोसाइट पेशी वाढल्या आणि साखर घटली, तर क्षयाचा विचार करावा लागतो. एकाचा उपचार काही दिवसांचा किंवा आठवड्यांचा, दुसऱ्याचा अनेक महिन्यांचा. तपासणी नाकारली, तर हा निर्णय अंदाजावर सोडावा लागतो. जलोदराच्या पाण्याचीही अशीच मोजणी होते. त्यात घनमिलिमीटरला २५० किंवा अधिक न्यूट्रोफिल आढळले, तर संसर्ग मानून उपचार लगेच सुरू करतात.

या पेशी फार काळ टिकत नाहीत. पाठीतील पाणी काढल्यावर तास-दोन तासांतच न्यूट्रोफिल विरघळू लागतात. नमुना वाशीमहून अकोल्यास पाठवायचा, तर तेवढा वेळ वाटेतच जातो. मग संख्या कमी भरते आणि संसर्ग सौम्य असल्याचा भास होतो. म्हणून नातेवाइकांनी नम्रपणे दोन गोष्टी विचाराव्यात : पेशी कोठे मोजल्या जाणार आणि किती वेळात? नमुना नेण्यास त्यांना सांगितले, तर वाटेत कोणत्याही कामासाठी थांबू नये. नळी फ्रीजमध्ये ठेवू नये. थंडीने मेंदूज्वराचे काही जिवाणू मरतात आणि ते वाढवून पाहण्याची तपासणी फसते. अहवाल येण्यापूर्वी डॉक्टरांनी प्रतिजैविक सुरू केले, तर हरकत घेऊ नये. या आजारात उपचाराचा उशीर परवडत नाही.

तपासणीस संमती देणे हाही रुग्णसेवेचाच भाग आहे. ती भीतीपोटी टाळू नये, आणि एकदा दिल्यावर नमुना वेळेत पोहोचेल याची काळजी घ्यावी.